शिडीचा पाय

गेल्या मे महिन्यात पावसापूर्वी पन्हळीतला पाचोळा काढण्यासाठी मी गावच्या घरी शिडी लावली आणि सातव्या पायरीवर असताना तिचा पाय फरशीवरून हातभर मागे सरकला. वाशाचे टोक हाती लागले म्हणून मोठी दुखापत टळली. खाली येऊन शिडी आडवी केली, तेव्हा एका पायाच्या रबरी बुटाच्या खाचा पूर्ण झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या आणि दुसऱ्याचे रबर फाटून ॲल्युमिनियमची कड थेट फरशीला लागत होती.

आबांच्या वेळी अंगण मातीचे होते, त्यामुळे बांबूच्या शिडीचे पाय त्यात आपोआप रुतत. अंगणात फरशी आल्यावर तो आधार गेला, आणि त्याची जागा घेणारे काहीच आम्ही आणले नव्हते.

शिवाय माझी शिडी फार तिरकी होती. उंचीच्या चौथ्या भागाइतके अंतर भिंतीपासून पायथ्याला ठेवावे, म्हणजे 12 फुटांवर टेकायचे असेल तर 3 फूट, हा नियम उगाच नाही. अशा सुमारे 75 अंशांच्या शिडीच्या टोकाशी 70 किलोचा माणूस असला, तर पाय बाहेर ढकलणारा जोर साधारण 19 किलोंचा असतो. शिडी 60 अंशांवर आली की तोच जोर 40 किलोंपर्यंत जातो, आणि माणूस जसजसा वर चढतो तसतसा तो वाढत जातो.

आता दोन्ही बूट नवे बसवले आहेत आणि चढण्याआधी फरशी पुसून कोरडी करतो. उताराच्या बाजूला पूर्वी विटेचा तुकडा सरकवत असू, त्याऐवजी लांबी कमी-जास्त करता येणारा जोडपाय लावला आहे. मला सर्वांत उपयोगी वाटते ती शिडीच्या वरच्या भागाला बसणारी रुंद आडवी दांडी, कारण ती भिंतीला एकमेकांपासून लांब अशा दोन बिंदूंवर टेकते, त्यामुळे शिडी कुशीवर वळत नाही आणि प्लॅस्टिकच्या पन्हळीवर भारही येत नाही. विजेची तार जवळ असेल, तर ॲल्युमिनियमची शिडी तिकडे नेऊच नये.

इतके करूनही आबांची एक सवय मी पुन्हा उचलली आहे: मुलगा खाली शिडी धरून उभा असताना मी प्रथम वर जातो, शिडीचे टोक काथ्याच्या दोरीने दोन वेढे देऊन वाशाला बांधतो, आणि त्यानंतरच पन्हळीत हात घालतो.