मॅडम, काय म्हणाली ती?

ठाण्यात, नौपाड्यात मी दहा ते सतरा वयाच्या मुलांचं समुपदेशन करते. सेशन संपून दार उघडलं की बाहेर बसलेली आई उठते आणि हळूच विचारते, "मॅडम, काय म्हणाली ती?" मी सांगत नाही. काही पालक दुखावतात, काही जण परत येत नाहीत. तरी मी सांगत नाही, आणि का ते आज नीट लिहायचं आहे.

पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एकत्र बसवते आणि मुलासमोरच नियम सांगते. इथलं बोलणं इथेच राहील. पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक त्रासाच्या बाबतीत तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला कळवावंच लागतं. हे ऐकून मुलं घाबरत नाहीत. उलट बाकीच्या गोष्टींबद्दल निर्धास्त होतात.

एक सहावीतली मुलगी (तपशील बदलले आहेत), घोडबंदर रोडवरच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारी. दर सोमवारी सकाळी पोट दुखायचं. सोनोग्राफीपर्यंत सगळं झालं, काही निघालं नाही. बालरोगतज्ज्ञांनीच माझ्याकडे पाठवलं. सुरुवातीला ती नुसती ऊनो खेळली. या वयातली मुलं समोरासमोर बसवली की मुकी होतात, हातात पत्ते दिले की बोलतात. हळूहळू कळलं, मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून तसाच नवा ग्रुप केला होता. सोमवारी स्कूल बसमध्ये शनिवार-रविवारच्या चॅटवर हसणं चालायचं आणि हिला त्यातलं काही ठाऊक नसायचं. पोट खरंच दुखायचं, नाटक नव्हतं. ताण शरीरातून असा बाहेर पडतो, विशेषतः ज्या वयात त्यासाठी शब्द नसतात.

हे मी आईला सांगितलं असतं तर? त्याच संध्याकाळी तिने बाकीच्या आयांना फोन लावले असते. मुलीला नेमकी तीच भीती होती. म्हणून आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, घरी काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि कुणी रागावलं तर काय करायचं. त्यानंतरच्या एकत्र भेटीत तिचं पहिलं वाक्य होतं, "आधी प्रॉमिस कर, तू कुणालाच फोन करणार नाहीस." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा रोज साडेआठनंतर सीएसएमटीहून घरी पोचणारे, त्यांनी विचारलं, "मग आम्ही काय करू?" ती म्हणाली, "सोमवारी मला स्कूटरवर सोडा." ऑफिसची वेळ सांभाळत त्यांनी सोडलं. तिच्या परवानगीने वर्गशिक्षिकांशीही बोलणं झालं. पोटदुखी एकदम थांबली नाही, कमी होत गेली.

फक्त मुलाला "दुरुस्त करून" घरी नेता येईल, असं वाटणाऱ्या पालकांना मी म्हणूनच सांगते की तुम्हालाही यावं लागेल.

एके काळी "ठाण्याला पाठवा हिला" हा टोमणा महाराष्ट्रभर चालायचा, इथल्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयामुळे. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या तक्रारींसाठी उघडपणे जाण्याची सवय या गावाला लागली, असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्यांना आज काम करता येतं ते त्या पायावर.

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. त्याला एकटं सोडू नका आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या.

बाकी वेळी एवढंच करा, मुलांना खोटं सांगून आणू नका. "मॉलला जाऊ" म्हणून आणलेलं मूल पहिला तासभर माझ्याकडेही संशयानेच बघतं, आणि ते बरोबरच आहे. "तू हल्ली जेवत नाहीस, आम्हाला काळजी वाटते, आपण तिघंही जाऊ" असं सरळ सांगा. नाहीच म्हणालं तर पहिल्यांदा तुम्ही दोघंच या. मूल न येताही घरात बदलता येण्यासारखं बरंच असतं, तिथून सुरुवात करू.