उजव्या गालातली कळ आणि तिला लागू पडलेला उपचार

खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून निघून थेट कानापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ जायची. काही सेकंद, फार तर मिनिटभर. मग एकदम सगळं शांत, आणि पुढची कधी येईल याची धास्ती. चेहऱ्याच्या नसेच्या या दुखण्याला डॉक्टर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करतो. सौद्याला उभं राहून मोठ्यानं बोलणं हाच माझा धंदा, आणि बोललं की कळ. मला जी माहिती तुकड्यातुकड्यानं मिळाली ती दुसऱ्या कुणाला एका जागी मिळावी, म्हणून हे लिहितोय.

या दुखण्याची तऱ्हाच वेगळी. गाल जोरात दाबला तर काही होत नाही, पण नुसता वारा लागला की जीव जातो. मी राहतो सांगलवाडीत. थंडीत सकाळी गाडीवरून आयर्विन पूल ओलांडताना नदीवरचा वारा गालाला लागायचा आणि गाडी बाजूला घ्यावी लागायची. मफलर गुंडाळावा तर मफलरच गालाला घासायचा. चूळ भरताना कळ, दात घासताना कळ. दाढी डावीकडची व्हायची, उजवीकडची तशीच राहायची. भाकरी आमटीत कुस्करून एकाच बाजूनं गिळायचो. हे आधी घरात लक्षात आलं. बायको म्हणाली, "अहो, घास डावीकडंच का फिरवताय? दाढ दुखतीय का?" झोपेत मात्र कळ क्वचितच यायची. डॉक्टरांनी पुढं हेही मुद्दाम विचारलं.

दाढच वाटावी अशीच ती जागा होती. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, एका दाढेत जुनी कीड होती, रूट कॅनल झालं. आणि खरोखरच कळा थांबल्या. कित्येक आठवडे काही नाही. आम्ही सगळे खूश. मग ऐन हंगामात, यार्डात हळदीची पोती उतरत असताना, त्या परत सुरू झाल्या आणि आधीपेक्षा जोरात. मला सगळ्यात आवर्जून सांगायचंय ते हेच. हे दुखणं आपल्या आपण थांबतं, कधी आठवडे, कधी महिने, आणि परत येतं. त्यामुळं त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळून जातं. पुढच्या वेळी कानात कोमट तेल घातलं तेव्हाही थांबलं होतं, गालाला लेप लावला तेव्हाही. नातेवाईक छातीठोकपणे सांगायचे, बघा, आमच्या औषधानं गुण आला. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र कधीच फरक पडला नाही.

शेजारची दाढ काढून टाकावी म्हणून मी दुसऱ्या दंतवैद्यांकडं गेलो. त्यांनी एकेक दात ठोकून बघितला, गार लावून बघितलं, आणि आरसा खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, हा दात मी काढणार नाही. दात ठणठणीत आहे. तुम्ही न्यूरॉलॉजिस्टकडं जा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. या दुखण्यापायी चांगले दात गमावलेली माणसं मला नंतर भेटली.

मोठं दुखणं म्हटलं की सांगलीकरानं मिरज गाठायची, ही रीत जुनी आहे. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं कमी आणि विचारलं जास्त. कळ किती वेळ राहते, कशानं सुरू होते, मधल्या वेळात काही दुखतं का, दुसऱ्या गालात कधी आली का. मग कापसाचा बोळा कपाळ, गाल, हनुवटी असा दोन्ही बाजूंनी फिरवला. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या तीन शाखा याच तीन भागांत जातात. बहुतेक वेळा नस मेंदूतून निघते तिथंच एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. वर्षानुवर्षं तिचा ठोका बसून नसेवरचं आवरण झिजतं, आणि मग साधा स्पर्शसुद्धा वेदना होऊन पोचतो. पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं, बायकांमध्ये अधिक. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. एमआरआय काढतात तो गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) तर नाही ना हे बघायला, आणि त्या नसेचे बारीक छेद घेतले तर टेकलेली रक्तवाहिनीही दिसू शकते.

गोळी दिली कार्बामॅझेपिन. ही मुळात फिटची गोळी, त्यामुळं औषधाच्या दुकानात ते कळल्यावर बायको घाबरली. पण या दुखण्यात १९६० च्या दशकापासून पहिली गोळी हीच. सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग हळूहळू वाढ. आठवडा उलटायच्या आत मी कडक भाकरी उजव्या दाढेनं चावली. ताटावरून उठून बायकोनं देवापुढं साखर ठेवली.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली होती. दुकानातली एक कोरी वही घेतली आणि सौदे लिहितो तसेच रकाने पाडले: तारीख, गोळी किती वाजता, कळा किती, कशानं आल्या, चक्कर आली का. आपोआप थांबणं कुठलं आणि गोळीनं थांबणं कुठलं, हे या वहीनंच वेगळं करून दाखवलं. डोस वाढवला की कळा उतरायच्या, एखादी गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी आकडा चढायचा. माझ्या बहुतेक कळा सकाळच्या सौद्याच्या वेळच्या आहेत हे बघून डॉक्टरांनी सकाळची गोळी लवकर घ्यायला लावली.

गोळीला किंमतही होती. सुरुवातीला झापड, चालताना तोल जाणं. गाडी बंदच केली, भाचा सोडायला यायचा. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच या, असं बजावलेलं होतं. रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि सोडियम तपासत राहायचं होतं. पुढं कळा परत डोकं वर काढायला लागल्या, डोस दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंत गेला आणि त्यानं रक्तातलं सोडियम फार उतरून १२६ वर आलं. त्यामुळं डोकंच चालेना. शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी करताना वजन आणि भाव यांचा गुणाकार मला जमेना. पस्तीस वर्षं तोंडी हिशेब केलेल्या माणसाला ते कळांपेक्षा भयंकर वाटलं. डोस कमी करून बॅक्लोफेन ही दुसरी गोळी जोडली. थोडं निभावलं, पण पुरेसं नाही. तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला.

वाटा तीन होत्या. गालातून सुई घालून नसेला उष्णता देणं किंवा फुग्यानं दाब देणं: आराम लगेच, पण गाल बधिर होऊ शकतो आणि काही वर्षांत दुखणं परतण्याची शक्यता जास्त. वय फार असेल किंवा हृदय कमजोर असेल तर हे सोयीचं. गॅमा नाइफ म्हणजे किरणांचा उपचार: चिरफाड नाही, पण आराम पडायला आठवडे जातात. आणि तिसरी मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन. कानामागं कवटीला छोटी खिडकी पाडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवतात. नस तोडत नाहीत, मूळ दाबच काढतात, म्हणून आराम सर्वांत टिकाऊ. पण ऑपरेशन मेंदूशेजारचं. ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, क्वचित पक्षाघात, हे सगळं पुण्याच्या सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं. माझ्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकलेली स्पष्ट दिसत होती आणि हृदय ठीक होतं. मी विचारलं, ही ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? बायकोनं विचारलं, "परत दुखलं तर?" ते म्हणाले, बहुतेकांना आराम पडतो, काहींना पुढं परत होतं, आणि तेव्हा बाकीच्या दोन वाटा मोकळ्या असतात. या उत्तरानं आमचं ठरलं.

शुद्धीवर आल्यावर आधी ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. काही नाही. परत लावलं. डोकं जड, मळमळ, उठून बसलं की खोली फिरायची, पण कळ नाही. गोळ्या एकदम थांबवल्या नाहीत, टप्प्याटप्प्यानं उतरवल्या. उजवा कान बरेच दिवस दडे बसल्यासारखा होता, तो मोकळा झाला. हनुवटीजवळ थोडी बधिरता राहिली आहे. दाढी करताना तिथं वस्तरा कळत नाही एवढंच.

पुढच्या हंगामात राजापुरी हळदीच्या सौद्याला उभा राहिलो. त्याच हंगामात आमच्याकडच्या एका हमालाची आई अशाच कळांनी जेवण सोडून बसली होती. दाढ काढायला निघाली होती, तिला आधी मिरजेला पाठवलं आणि मुलाच्या हातात रकाने पाडलेली वही दिली. तिला गोळीच्या कमी डोसवरच आराम आहे, ऑपरेशनची गरज पडलेली नाही. सोडियम दर काही महिन्यांनी तपासतात.