चारचौघांत सांगितलेले सत्य

रक्ताच्या नात्याचा उलगडा झाला की दुरावलेली माणसे आपोआप एकत्र येतात, ही समजूत आपल्याकडच्या जुन्या हिंदी चित्रपटांनी फार पक्की करून ठेवली आहे. गळ्यातले लॉकेट ओळखू आले की गळाभेट ठरलेलीच. ब्रिटिश दिग्दर्शक माईक ली यांच्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’ या १९९६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या चित्रपटात मात्र हा उलगडा मध्यावरच होऊन जातो आणि खरी कसोटी त्यानंतर लागते.

लंडनमध्ये डोळे तपासण्याचा व्यवसाय करणारी हॉर्टेन्स ही कृष्णवर्णीय तरुणी दत्तक आईच्या निधनानंतर जन्मदात्रीचा शोध घेते. दत्तक गेलेल्या सज्ञान व्यक्तीला जन्माची मूळ नोंद पाहण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १९७५च्या कायद्याने मिळाला होता, त्यामुळे कागदपत्रे हाती येतात. पण त्यांनुसार तिची आई गोरी असते. कारखान्यात राबणारी ही आई, सिंथिया, तिला भेटायला येते खरी, परंतु रिकाम्याशा चहाच्या दुकानात दोघी शेजारीशेजारी बसल्यावर काहीतरी चूक झाली असावी, असेच ती सांगत राहते. जन्मानंतर तिने बाळाचे तोंडही पाहिलेले नसते. कॅमेरा मिनिटामागून मिनिटे जागचा हलत नाही, आणि बोलता बोलता विसरलेले, किंबहुना विसरायला भाग पाडलेले, तिला एकाएकी आठवते. सिंथियाची भूमिका करणाऱ्या ब्रेंडा ब्लेथिन यांच्या चेहऱ्यावर ती आठवण ज्या तऱ्हेने उमटते, तेवढ्यासाठीसुद्धा हा चित्रपट पाहावा.

तरीही तेवढ्याने हॉर्टेन्सला घर मिळत नाही. धाकट्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला सिंथिया तिला कामावरची मैत्रीण म्हणून नेते, आणि शेवटी न राहवून सगळ्यांसमोर खरे बोलून टाकते. मुलगी तरातरा घराबाहेर पडते, भाऊ-भावजयीच्या अपत्यहीनतेचे दडवलेले दुःखही उघडे पडते, आणि त्या रडारडीनंतर मग हॉर्टेन्ससाठी घरात जागा होते.

इथे मला कुंती आठवल्यावाचून राहत नाही. उद्योगपर्वात ती गंगेकाठी कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगते, पण एकांतात आणि युद्ध तोंडावर आल्यावर. कृष्णाकडून ते आधीच कळलेला कर्ण अर्जुनाखेरीज इतर पांडवांना अभय देतो, मात्र दुर्योधनाची साथ सोडत नाही. पांडवांना ती हे सांगते ते स्त्रीपर्वात, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी. युधिष्ठिर कर्णाच्या स्त्रियांना बोलावून घेऊन त्याचे उदककर्म करतो. थोरला भाऊ म्हणून कर्णाच्या वाट्याला येते ते एवढेच. त्यानंतर युधिष्ठिराने समस्त स्त्रीजातीला दिलेला, तिच्या पोटात गुपित राहणार नाही हा, शाप मला अन्यायकारक वाटत आला आहे, कारण कुमारी मातेला गप्प बसवणाऱ्या लोकलाजेला तो काहीच बोलत नाही.

सिंथियाही लोकलाजेचीच बळी आहे, फक्त तिला बोलायला वेळ उरला होता. अर्थात तीही सगळे सांगत नाही: आपला बाप चांगला माणूस होता का, या हॉर्टेन्सच्या प्रश्नावर ती कोसळते, आणि माईक ली तिला पुढे काही बोलायला लावत नाहीत. हॉर्टेन्सला या कुटुंबात राहायचे आहे ते या प्रश्नाच्या उत्तरावाचूनच.