शेफील्डचा वाकडा वस्तरा: मधला दोन बोटांचा भाग अखेर दगडाला लागला

मागच्या नोंदीत अडकून पडलेला 6/8चा, म्हणजे 6/8 इंच रुंद पात्याचा, शेफील्डचा जुना उघडा वस्तरा आठवत असेल; त्याला मध्ये धारच लागत नव्हती. क्वार्टर हॉलो (पात्याचे गाल थोडेच पोखरलेले, म्हणून पातं जाड), पाठीवर गंजाचे खड्डे, कारखान्याचं नाव पुसलेलं, शिक्क्यात फक्त 'शेफील्ड' आणि 'इंग्लंड' शिल्लक. 'इंग्लंड' कोरलंय म्हणजे साधारण 1891 नंतरचा. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालायची पद्धत तेव्हा रूढ झाली. टाच (मुठीकडचा भाग) आणि टोक 1000 ग्रिटच्या दगडावर पंधरा मिनिटांत केस उडवायला लागले, पण मधला दोन बोटांचा भाग तसाच बोथट. आता बेव्हल (धारेलगतचा घासलेला तिरका पट्टा) पूर्ण लांबीभर, दोन्ही बाजूंनी बसलाय. जुन्या शेफील्डमध्ये हा दोष वारंवार भेटतो आणि त्यापायी विनाकारण पोलाद झिजवलं जातं, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आधी निदान. मध्ये धार लागत नाही याची कारणं दोन असू शकतात, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. एक म्हणजे धारच आत गेलेली असते, फ्राउन. धार स्टीलच्या पट्टीवर उभी टेकवून मागून उजेड पाहा. मध्ये फट दिसली तर फ्राउन. इथे फट नव्हती, उलट किंचित स्माइल होती, म्हणजे धार मध्ये बाहेर आलेली. दुसरं कारण म्हणजे पातंच बाजूला वाकलेलं. टाचेकडून टोकाकडे पाठीच्या रेषेवरून नजर टाकली की बाक दिसतो. पोलाद कडक करताना, तापवून एकदम थंड केल्यावर, पातळ भाग आधी आकसतो आणि पातं पिळवटतं. कारागीर ते ठोकून सरळ करायचे, पण थोडा बाक राहूनच जायचा. तेव्हाचे दगड अरुंद होते, त्यामुळे तो कोणाला जाणवतही नसे. आपले 70 मिमी रुंदीचे सपाट जपानी दगड मात्र तो लगेच उघडा पाडतात.

बाक किती आहे ते मोजता येतं. पातं जाड काचेवर बाकाची खोलगट बाजू खाली करून ठेवा आणि मधोमध फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घाला, पाठीच्या बाजूने, धारेच्या बाजूने कधीच नाही. इथे 0.10ची पट्टी अलगद आत गेली, 0.15ची गेली नाही. एक दशांश मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण धार हवेत लोंबकळायला तेवढं पुरेसं आहे.

खरी गोम पुढच्या हिशोबात आहे. कमानीची उंची दगडाच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 70 मिमी रुंदीवर 0.10 मिमीची फट असेल तर त्याच पात्याला 30 मिमी रुंदीवर ती 0.018 उरते आणि 20 मिमीवर 0.008. म्हणजे पातं सरळ करायची गरजच नाही, दगड अरुंद हवा. हातोडीने सरळ करायचा विचार कोणाच्या मनात असेल तर सोडून द्या. कडक केलेलं पातं थंड ठोकलं की बहुधा काचेसारखं तुटतं. खोलगट बाजू रुंद दगडावर दाबून घासत राहणं तर त्याहून वाईट. मधला भाग लागेपर्यंत टाच आणि टोक झिजून जातात, धारेचा आकार बिघडतो आणि पाठीवर दोन टोकांना चपटे पट्टे पडतात.

अरुंद दगड म्हणून 40 मिमीचा कोटिक्यूल (बेल्जियमचा नैसर्गिक धारदगड) मागवायचं ठरवलं होतं. तो बेत रद्द. किंग कंपनीचा जाड 1000 घरात असेल तर त्याची कडेची बाजूच वापरा, ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. दगड कडेवर उभा करा आणि दोन्ही अंगांना लाकडी रिपा लावून क्लॅम्पमध्ये पकडा, नाहीतर तो डुलतो. पेन्सिलीने जाळी आखून डायमंड प्लेटवर ती पुसली जाईपर्यंत सपाट करा. लांब कडा 2 मिमी गोल करा. हे टाळू नका, कारण खोलगट बाजूला दगडाची तीक्ष्ण कड लागली की बेव्हलवर आडवी रेघ उमटते आणि ती काढायला पुन्हा पोलाद घालवावं लागतं.

पाठीवर चिकटपट्टीचा एक थर. पाठीची जाडी 5.6 मिमी, पाठ टेकते तिथपासून धारेपर्यंत 18.5 मिमी, म्हणजे मूळ कोन 17.4 अंश. 0.13 मिमीच्या पट्टीने तो 18.2 होतो. या जाडीच्या पोलादाला तेवढा वाढीव कोन मानवतो, शिवाय पाठ वाचते. पट्टी झिजते, म्हणून दर 40-50 फेऱ्यांनी बदला.

खोलगट बाजूला साधा एक्स-स्ट्रोक (पातं दगडावरून तिरपं ओढणं), टाचेपासून टोकापर्यंत, मनगट न वळवता. फुगीर बाजूला रोलिंग एक्स: सुरुवातीला वजन टाचेवर, पातं बाहेर ओढत जाताना हळूहळू मध्ये, शेवटी टोकावर. फुगीर बाजूला रुंद दगड चालतो, पण दोन्ही बाजू एकाच दगडावर केल्या की ओरखडे सारखे येतात आणि भिंगाखाली वाचायला सोपे जातात. बेव्हलला काळा मार्कर फासा, पाच फेरे मारा, 30 पटीच्या भिंगातून पाहा. रुंद दगडावर मध्ये 22 मिमीचा काळा पट्टा जसाच्या तसा राहत होता. कडेवर आल्यावर पहिल्या पाच फेऱ्यांतच त्यावर बारीक रुपेरी रेघा उमटल्या आणि थोड्या वेळात शाई धारेच्या अगदी काठापर्यंत साफ! फिरवत असताना पाण्याची लाट पूर्ण लांबीभर धारेपुढे एकसारखी ढकलली जाताना दिसली, जी याआधी मध्ये तुटत होती.

दाब फक्त पात्याच्या वजनाचा. बोटाने दाबलं की खोलगट बाजू दगडाला टेकते खरी, पण ती वाकून टेकते. बोट उचललं की धार परत हवेत. मार्कर मात्र पुसलेला दिसतो, त्यामुळे दाबून केलेली तपासणी ग्राह्य धरू नका.

पुढच्या पायऱ्यांना अरुंद दगड आणायचे कुठून? 3000, 8000, 12000 सगळे रुंद, आणि त्यांच्या कडा पातळ. इथे लॅपिंग फिल्म (बारीक घासकण चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म) कामाला आली. काचवाल्याकडून 12 मिमी फ्लोट काचेची 30 × 200 मिमीची पट्टी, किनारी पॉलिश करून. ॲक्रिलिक घेऊ नका, लांब पट्टी बोटाच्या दाबाने वाकते. काचेवर पाण्याचे थेंब, त्यावर फिल्म, जुन्या कार्डने पाणी आणि हवा बाहेर. एखादा बुडबुडा किंवा कण खाली राहिला तर धार तिथे चिरते, म्हणून तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहून मगच सुरुवात. क्रम 12, 5, 3, 1 मायक्रॉन. 12वर मागचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत, पुढे प्रत्येकी 30-40 फेरे. फिल्म नामांकित कंपनीची आणि एकसारख्या मापाच्या कणांचीच घ्या. 'दहा हजार ग्रिट' म्हणून विकले जाणारे स्वस्त हिरवे दगड कुठल्याही किमतीला महाग आहेत. त्यातला एखादाच मोठा कण अख्खं काम मातीत घालतो.

शेवटी बाल्सा लाकडावर क्रोमियम ऑक्साइडच्या (हिरवी पॉलिश पूड) लेपावर 10 फेरे, मग स्ट्रॉपवर, म्हणजे धार पाजायच्या पट्ट्यावर, कापडाच्या बाजूने 20, चामड्याच्या बाजूने 50. चामड्याला पात्याचा बाक अडचण करत नाही, ते स्वतःच दबतं. लोंबता केस धारेला तिन्ही जागी, टाच, मध्य, टोक, आवाज न करता तुटला. गालावर उतरती आणि आडवी अशा दोन खेपा नितळ झाल्या. हनुवटीखाली उलट्या केसांना मात्र अजून थोडी ओढ लागते, म्हणजे 1 मायक्रॉनवर काम बाकी आहे. लिहिता लिहिताच सुचतंय: फिल्मखाली ओला साधा कागद घातला तर पृष्ठभाग किंचित दबेल आणि खोलगट बाजूला धार अधिक सलग भेटेल. उलट्या खेपेची ओढ त्याने जायला हवी, म्हणून कोटिक्यूलऐवजी पुढचा प्रयोग हाच.

बाकीचं थोडक्यात. मूठ मूळ शिंगाची आहे. शिसवीची नवी करायचा विचार सोडला. किड्यांनी खाल्लेली भोकं छोटी आहेत, नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल) आठवडाभर भिजवलं की शिंगाचा कोरडेपणा जातो. सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) मूठ असलेले वस्तरे मात्र वेगळ्या डब्यात ठेवा. ते सेल्युलॉइड कुजायला लागलं की नायट्रिक आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चांगल्या पात्यांनाही गंज चढतो. मूठ धुरकट झाली, पिना हिरव्या पडल्या की उशीर झालाच म्हणून समजा.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बफिंग व्हीलवर चकचकीत केलेल्या वस्तऱ्यापेक्षा गंजलेला बरा. धारेजवळ पिवळसर किंवा निळसर झाक दिसली तर पोलादाचं पाणी उतरलंय, तिथे धार टिकणार नाही. गंज 400च्या सँडपेपरने निघतो, उतरलेलं पाणी घरी परत चढवता येत नाही.

दुसरं काम जिलेट सुपर स्पीडचं, म्हणजे नॉब फिरवल्यावर डोक्यावरचे दोन दरवाजे उघडणाऱ्या जुन्या सेफ्टी रेझरचं: त्याचे दरवाजे आता फटीतून उजेड न दिसता मिटतात. त्यावरचा तारखेचा कोड ए-3, म्हणजे 1955ची तिसरी तिमाही. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि नॉबच्या मुळाशी मिनरल ऑइलचा एक थेंब, इतकंच केलं. उकळायची गरज नव्हती. बोअरच्या पाण्याने फेस बसत असेल तर साबण बदलण्याआधी आरओचं पाणी वापरून पाहा. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साय करतो आणि फेस मरतो.

पावसाळा तोंडावर आहे. वस्तरा वापरल्यावर कोरडा करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, चामड्याच्या खोळीत ठेवू नका. पिनेजवळ टिश्यूची सुरळी घालून पाणी टिपून घ्या; आतला गंज तिथूनच सुरू होतो.