वऱ्हाड सापडत नाही

परवा बाबा ओसरीवर बियाण्याच्या पिशव्या मोजत बसले होते आणि मी पुण्याच्या मित्राशी फोनवर बोलत होतो. बग साचले आहेत, रविवारी बसू, असं काहीतरी मी म्हणालो असेन. फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, "बग म्हंजे अळीच ना? कायच्यावर पडली?" २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जे करून ठेवलं, तेव्हापासून घरात हा विषय कुणी हलका घेत नाही. मी म्हटलं, "सॉफ्टवेअरवर." बाबा पिशव्यांकडे वळत म्हणाले, "मंग फवारा मार ना बापा."

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो तो परत गेलोच नाही. दिवसा नोकरीचं काम करतो आणि रात्री, नेट असेल तर, महिला बचत गटांच्या हिशेबाचं एक छोटं अ‍ॅप सांभाळतो. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या एका संकेतस्थळावर, सगळ्यांना उघडा आहे. शहरातली तीन-चार पोरं हातभार लावतात, आणि वापरणारे म्हणजे आसपासचे अकरा गट. त्यामुळे तक्रारी दोन वाटांनी येतात. पोरं तिथे इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, लिहितात. ताया व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात, मागे कोंबड्या, कुकर, कुणाचं तरी रडणारं लेकरू. सुरुवातीला मला वाटायचं की खरे बग रिपोर्ट पहिल्या वाटेनं येतात आणि दुसरीनं नुसती कुरकुर. हे उलटं होतं. तसं मानायला मला वेळ लागला, कारण मी स्वतः पहिल्या वाटेचा.

माझा आयुष्यातला पहिला बग रिपोर्ट २०१९ चा. मराठी मजकुरातले शब्द मोजायला मी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, घेतली होती, आणि ती 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे करून देत होती. रात्री दोन वाजता मी लिहिलं, देवनागरी अजिबात चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा. खाली तीन उद्गारचिन्हं. लायब्ररी सांभाळणाऱ्यानं सभ्यपणे विचारलं की आवृत्ती कोणती, काय दिलं, काय आलं, काय यायला हवं होतं. मला तो अपमान वाटला. एवढं समजत नाही का याला? मी उत्तरच दिलं नाही. काही दिवसांनी तो रिपोर्ट बंद झाला, आणि योग्यच झालं.

चुकीचं मूळ त्या लायब्ररीच्याही खाली होतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत, 'शब्दातलं अक्षर' ओळखायची जी खूण आहे, ती काना-वेलांटीला अक्षर धरत नाही. त्यामुळे 'रा'चा काना आला की शब्द संपला. हीच गोष्ट २००७ मध्येच कुणीतरी पायथनकडे नोंदवून ठेवलेली होती, देवनागरीचंच उदाहरण देऊन. मी बोंब मारली तेव्हा ती नोंद बारा वर्षांची होऊन उघडीच पडलेली होती. आधी शोधलं असतं तर उद्गारचिन्हं वाचली असती.

रिपोर्ट कसा घ्यायचा हे मला शेवटी शिकवलं दारव्ह्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी. विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. मी ऐटीत सांगितलं, "वाइंडिंग जळली वाटते." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गुणगुणते का गप हाये?"

"गुणगुणते."

"फिरते?"

"नाही."

"काल चालली होती?"

"रात्री लाइन आली तेव्हा चालली. मग लाइन गेली, परत आली, तेव्हापासून अशी."

"मंग एक फेज गेला असंल. तसंच चालू ठेवलं तर मात्र खरंच जळंल. घरी जा, पयले स्टार्टर बंद कर." आणि मी निघताना, "भाऊ, तू पाह्यलं तेवढं सांगत जाय. कायचं झालं ते मी पाह्यतो ना."

फेजच गेलेला होता. खांबावर चढून वायरमननं तो जोडला आणि मोटर फिरली. एक रुपया लागला नाही. मिस्त्रींना चहा पाजायचा अजून राहिलाच आहे.

आता वऱ्हाडाची गोष्ट.

एका गटाच्या सचिव ताईंचा आवाज आला. जसा आला तसा लिहितो: "भाऊ, कुऱ्हाडे बाई सापडून नाई रायली. यादीत हाये. मी वरून खाली बोट फिरवत गेली, नवव्या नंबरवर हाये. पण शोधमध्ये नाव टाकलं का म्हणते कोणीच नाई. वऱ्हाडे बी तसंच. बाकीच्या सगळ्या सापडते. अन् आयका, माह्या पोरीच्या मोबाइलवर टाकलं तर सापडते."

मी काय उत्तर दिलं असेल? "ताई, अ‍ॅप अपडेट करून बघा." लाज वाटते आता. त्यांनी मुकाट्यानं अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "केलं. तसंच हाये."

मग मी इश्यू उघडला. तासाभरात शहरातल्या एका पोरानं लिहिलं, युनिकोड नॉर्मलायझेशन लावा, सुटेल. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरं लिहायची ठरलेली पद्धत, आणि नॉर्मलायझेशन म्हणजे तेच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असेल तर एका साच्यात आणणं. त्यानं ताईंचं म्हणणं नीट वाचलेलं नव्हतं, आणि मीही न तपासता लावून मोकळा झालो. काहीच सुटलं नाही. दोन रात्री गेल्यावर मी पुन्हा तो आवाज ऐकला, आणि लक्षात आलं की सगळं त्यातच होतं. कोणती नावं सापडत नाहीत, कोणती सापडतात, आणि कोणत्या मोबाइलवर सापडतात. कुऱ्हाडे आणि वऱ्हाडे. दोघींत तोच तो आडवा, पापणीसारखा र.

हा र मराठीचा खास. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एवढा फरक हा एक र करतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलंत जोडायचा. दुसरा, साधा र, हलंत, आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक. ही दुसरी पद्धत १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून अजून चालू ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण संगणकाला विचारा. पहिल्या 'वऱ्हाड'ची लांबी सहा चिन्हं आणि दुसऱ्याची सात. आमची यादी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेली, तीत सगळे सातवाले होते. ताईंच्या मोबाइलचा कीबोर्ड सहावाला, पोरीचा सातवाला. शोधणारा बिचारा प्रामाणिक, त्यानं सांगितलं की असं कुणी नाही.

नॉर्मलायझेशन का चाललं नाही, तर ते फक्त ऱ आणि 'र अधिक टिंब' यांना एक मानतं. अदृश्य जोडकाला हातच लावत नाही. मग दुसऱ्या एकानं सुचवलं, सगळे जोडक उडवून टाका. उडवले तर र हच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि यादीत कुणीतरी 'वर्हाडे' नावाची बाई जन्माला येते. शेवटी र, हलंत, जोडक असं दिसलं की त्या जागी ऱ आणि हलंत घालायचे, नोंद करतानाही आणि शोधतानाही. पाच ओळींचं काम. चाचणीसाठी शब्द ठेवला 'वऱ्हाड'. ज्या मुलखात बसून हे अ‍ॅप लिहिलं त्याचं नावच त्याला इतके दिवस सापडत नव्हतं, याचं हसू येतं, आणि थोडा रागही.

'शेतकऱ्यांचे' हा शब्द ज्या ज्या यादीत आणि पोर्टलवर आहे, तिथे हीच गत असू शकते. जमलं तर कुठेतरी दोन्ही प्रकारे टाकून बघा.

स्वल्पविरामाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. एका ताईंचा निरोप: "तुमचं अ‍ॅप पैसे खाऊन रायलं." मी जरा भडकलोच. खाली पुढचं वाक्य होतं: "बाराशे टाकले अन् एक रुपया दाखवते." त्यांनी एक, स्वल्पविराम, दोनशे असं लिहिलं होतं, पासबुकात असतं तसं. जावास्क्रिप्ट या भाषेतलं, मजकुराचा आकडा करणारं पार्सइंट स्वल्पविराम दिसला की तिथेच थांबतं. मराठी आकडे दिले तर त्याला आकडाच दिसत नाही, आणि सर्व्हरवरचं पायथन मात्र ५०० ला बिनतक्रार पाचशे समजतं. म्हणजे खात तर होतंच. ताई बरोबर होत्या.

तक्रारीपेक्षा सूचना झेलणं अवघड. तक्रारीत निदान काहीतरी मोडलेलं असतं. सूचना आली की आधी वाटतं, याला काय कळतं? शहरातून पहिली सूचना आली डार्क मोडची. आमची बैठक भरते दुपारी, कडुनिंबाखाली. त्या उन्हात काळ्या पडद्यावर काय दिसणार, कपाळ? ती सूचना मी बाजूला ठेवली. ताईंनी सांगितलं आकडे मोठे करा, ते केले.

पण एक सूचना मी तीन महिने टाळली. त्याच सचिव ताई म्हणाल्या, "खोडलेलं दिसत नाई." मी समजावलं, "ताई, डिलीट केलं म्हणजे ते जातंच. दिसायला नकोच." त्या म्हणाल्या, "नाई ना भाऊ. वहीत चुकलं का आमी एक रेघ मारतो. खालचा आकडा वाचता आला पायजे. वर बरोबर आकडा लिहितो अन् बाजूले सही. पांढरी शाई लावली का भांडण होते." बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेडीनंतर पाचवं येतं ते लेखे. त्या पाचव्या सूत्रासाठी एका गटात मागे काय रामायण झालं होतं, तेही त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

इश्यूवर पोरांचा विरोध. पडद्यावर कचरा होईल, वापरणारा गोंधळेल. मीही त्यांच्याच बाजूनं बोललो. मग एका रात्री मी कोडमधला माझाच एक चुकीचा बदल परत फिरवत होतो. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, हे नेहमी करतो तसं, म्हणजे जुना बदल इतिहासात तसाच ठेवून त्यावर उलटा बदल नोंदवून. कोणी केला, कधी केला, सगळं दिसतं. २००५ पासून जगभरचे प्रोग्रामर हेच करत आहेत आणि हात लावू देणार नाहीत त्याला. म्हणजे आमच्या कोडला वही, आणि बायांच्या पैशाला पाटी? दुसऱ्या दिवशी डिलीटचं बटण काढलं. आता चुकलेली नोंद रेघेसकट दिसते, शेजारी दुरुस्त आकडा आणि करणारीचं नाव. विरोध करणाऱ्या पोरांपैकी एकानंच ती रेघ सुंदर करून दिली. किंचित तिरपी, हातानं मारल्यासारखी.

सध्या एकच तक्रार उघडी आहे. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आली होती: "पाऊस आला का पैसे दोनदा जमा होते."

ऐकून मी हसलो होतो. पावसाचा आणि डेटाबेसचा काय संबंध? मग मिस्त्री आठवले आणि मी फोन करून विचारलं, "दरवेळी होते का ताई?" "नाई. जोरात आला तर. रिमझिम असली तर नाई होत." "तेव्हा तुम्ही काय करता?" "काय करीन? जतन दाबतो. ते फिरत राह्यते. मंग परत दाबतो."

जोराचा पाऊस आला की आमच्याकडे टॉवर डळमळतो. पहिल्यांदा दाबलेलं सर्व्हरपर्यंत पोचतं, पण 'पोचलं' हा निरोप परत येत नाही. चाक फिरत राहतं, ताई पुन्हा दाबतात, आणि सर्व्हरला वाटतं की ही दुसरी रक्कम. आता मी प्रत्येक नोंदीला मोबाइलवरच एक वेगळा क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसऱ्यांदा जमा करत नाही. घरी वायफाय मध्येच बंद करून दहादा तपासलं, एकदाच जमा झालं. पण ताईंनी सांगितलं होतं पावसात, म्हणून इश्यू बंद केलेला नाही.

रोहिणी लागून गेल्या, मृग कोरडाच चालला आहे. बाबा पेरणीसाठी आभाळाकडे बघतात, मी इश्यूसाठी. काल ताईंचा आवाज आला, मागे कोंबड्या होत्याच: "भाऊ, तुमच्या इकडे आला काय?"

मी लिहिलं, "नाही ताई. तुमच्याकडे आला की दोनदा दाबा."