चरक दोन मिनिटं बंद ठेवला

मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. गेली पाच वर्षं शनिवारची सकाळची शाळा सुटली की सव्वाअकरा ते साडेबारा नववीच्या मुलांचा व्हिडिओचा वर्गही घेतो. यंदा बावीस मुलं आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले चार जुने फोन, एक ट्रायपॉड, सहा मीटर वायरचा एक कॉलर माइक आणि संगणक कक्षातली चार जीबी रॅमची पीसी, एवढ्यावर वर्ग चालतो. त्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो माइक. का, ते सांगायलाच आज लिहायला बसलोय.

पहिले तीन शनिवार मी कुणाच्या हातात फोन देत नाही. मुलं नाराज होतात, पालकही विचारतात, "सर, कॅमेरा कधी शिकवणार?" त्या तीन शनिवारी आम्ही फक्त ऐकतो. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि मग ऐकू आलेले आवाज वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांचे पाच-सहा आवाज होतात : पंखा, कावळा, रस्त्यावरची एसटी, गिरणी, खाली कुणीतरी बादली सरकवतंय. तिसऱ्या शनिवारी यादी पंधरा-वीसवर जाते. गेल्या वर्षी एका मुलानं "शेजारच्याच्या पेनाचा कागदावरचा आवाज" असं लिहिलं होतं. आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, "ट्यूबलाइट गुणगुणते."

त्या एका ओळीवर माझा पुढचा अख्खा तास झाला. आमच्या वर्गात अजून चोकवाल्या जुन्या ट्यूब आहेत. मी तिच्या हातात फोन दिला आणि ट्यूबचंच चित्रीकरण करायला सांगितलं. पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकायला लागले. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की फोनला दिसतं. शटर एकछेद पन्नास सेकंदावर आणला आणि पट्टे गेले. तिला जे गुणगुणणं ऐकू आलं होतं तेही त्याच विजेचं, सेकंदाला 100 वेळांचंच. ती बराच वेळ एकदा ट्यूबकडे आणि एकदा फोनकडे बघत होती. पंधरा वर्षांच्या मुलीनं यंत्राला दिसण्याआधी कानानं पकडलेली ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

मुलं या वर्गाला येतात ती रील्स बघत वाढलेली असतात. क्लिप हातात आली की पहिलं काम म्हणजे मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणं टाकायचं. मला याचं खरोखर वाईट वाटतं. शेतातला वारा, आजीचा खोकला, म्हशीच्या गळ्यातली घंटा, सगळं एका बोटानं पुसलं जातं आणि पन्नास व्हिडिओंना एकच गाणं लागतं. म्हणून वर्गाचा एक नियम आहे : दिवाळीपर्यंत कुठल्याही व्हिडिओला गाणं लावायचं नाही.

दरवर्षी एकदा मी मुलांना कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी नेतो. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. 1916 साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि 1918 साली कोल्हापुरातच तो कॅमेरा पुरा केला. चित्रकलेचा शिक्षक म्हणून हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, त्याला इलाज नाही. तो कॅमेरा मुका होता. पडद्यावरची माणसं मराठीत बोलायला लागली ती 1932 साली, प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात, आणि तेही कोल्हापुरातच. त्यानंतरच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली. आपल्याच गावाकडच्या लोकांनी एवढ्या कष्टानं आणलेला आवाज आपण बोटानं पुसायचा का, असं मी मुलांना विचारतो.

गेल्या वर्षी मुलांनी विषय निवडला गुऱ्हाळाचा. आमच्या भागात हंगामात संध्याकाळी हवेलाच गुळाचा वास असतो, पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी चुलवाण, म्हणजे गुळाची मोठी चूल, जवळून बघितलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही शाळेपासून चालत गेलो. तिथले गुळवे, म्हणजे गूळ करणारे, साठीच्या पुढचे. मुलं त्यांना मामा म्हणायला लागली.

चित्रीकरण अवघड होतं. काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, वाफ उठली की फोन सगळं जास्तच उजळ समजून मामांचा चेहरा काळा करायचा. मग पडद्यावर बोट दाबून धरून प्रकाश बांधून ठेवायला मुलं शिकली. वाफेनं लेन्सवर पाणी धरायचं, म्हणून एक मुलगा सुती रुमाल घेऊन नुसता तेवढ्यासाठीच उभा होता. भेंडीचं पाणी टाकल्यावर वर येणारी मळी, झाऱ्यानं ती काढताना मामांचं मनगट, चुलवाणात चिपाड (पिळलेल्या उसाचा वाळका चोथा) सारणारा पोरगा, वाफ्यात ओतलेला लालसर गूळ, असं पुष्कळ मिळालं. मुलं खुशीत परत आली.

सोमवारी मधल्या सुट्टीत क्लिपा लावल्या आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. मामा दहा मिनिटं बोलले होते, त्यातला एक शब्द कळत नव्हता. शेजारी ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन चालू होतं, आणि कॉलर माइकवरचं छोटं बटण 'फोन'ऐवजी 'कॅमेरा' या खुणेवर राहिल्यामुळे फोननं स्वतःच्याच माइकवर सगळं टिपलं होतं. बटण तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं, आणि मुलांना तसं सांगितलंही.

त्याच क्लिपेत ती ट्यूबवाली मुलगी एका जागी थांबली. मामा काहिलीतला पाक पळीनं थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी करतात, काहिलीच्या काठावर मारतात आणि मान किंचित तिरकी करतात. तिनं ते चार वेळा मागे घेऊन बघितलं. म्हणाली, "सर, मामा तिथं बघत नाहीत. ऐकायला लागलेत."

खरंच तसं होतं. पाक 118 अंशांच्या आसपास पोचला की आधण, म्हणजे एका वेळचा शिजणारा रस, उतरवायचं, पण गुऱ्हाळावर थर्मामीटर कुठला? गोळी काठावर मारली की कच्ची असेल तर थपकन बसते, झालेली असेल तर टणकन वाजते. मामांचा सगळा निर्णय त्या एका आवाजावर होता, आणि आमच्या चित्रफितीत तेवढा एकच आवाज नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. या वेळी मुलांनी कामं वाटून घेतली होती. दोघांनी आधी चरकाचा, चिपाडाच्या जाळाचा, काहिलीच्या फदफदण्याचा आवाज वेगवेगळा घेतला. कुणी काही बोलत नसताना तिथला नुसता आवाज तीस सेकंद घेतला. नंतर ऑडॅसिटीत, म्हणजे आवाजाच्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खरखर कमी करायची तर ती खरखर एकटी कशी वाजते याचा नमुना आधी द्यावा लागतो. ट्यूबवाल्या मुलीनं माइक एका लांब बांबूला बांधून आणला होता आणि वायर सुतळीनं आवळली होती, म्हणजे ती हलली तरी खरखरणार नाही. बटण तिनं तीनदा बघितलं, मी दोनदा.

अडचण चरकाची होती. एक आधण शिजत असताना पुढच्याचा रस निघत असतो, चरक थांबवला की सगळ्यांचा वेळ जातो. तिनं मामांनाच जाऊन विचारलं. मामांनी तिच्या बांबूकडे बघितलं, माइककडे बघितलं, आणि चरकावरच्या माणसाला हाक मारली, "दोन मिन्टं बंद कर रं. पोरं ऐकायला आल्यात."

इंजिन थांबलं. एवढ्या गोंगाटानंतर ती शांतता अंगावर आली. काहील फदफदत होती, आत चिपाड तडतडत होतं. बांबूचं टोक काठापासून हातभर लांब. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, पण हात हलला नाही. मामांनी गोळी केली, मारली. थप. पुन्हा पळी घातली. दुसरी गोळीही थप. तिसरी वाजली, टण. हेडफोन लावलेला मुलगा काहीच बोलला नाही, नुसती मान हलवली आणि दोन्ही मुठी घट्ट केल्या.

सहा मिनिटांची चित्रफीत झाली. जोडकाम करताना मुलांचं दोन दिवस भांडण झालं. काही जणांना शेवटी गाणं हवं होतं, दिवाळी होऊनही गेली होती. मी मध्ये पडलो नाही. त्यांनीच ठरवलं की शेवटी गूळ वाफ्यात ओतल्यावर पडदा काळा करायचा आणि नुसती काहील धुतानाची घासणी ऐकू येऊ द्यायची.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून ती दाखवली. मामा स्वच्छ पांढरा फेटा बांधून आले होते. पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, कारण खुर्चीवर नको म्हणाले. स्वतःचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा त्यांनी खाली बघितलं. गोळीचा प्रसंग आला. थप. थप. टण. त्यांनी मान तशीच किंचित तिरकी केली.

संपल्यावर टाळ्या झाल्या, मुख्याध्यापक बोलले, नारळ दिला. ती मुलगी मामांच्या पाया पडली आणि विचारलं, "कशी झाली, मामा?"

"आवाज झ्याक आलाय," मामा म्हणाले. "पण त्ये आधण उतरवायला उशीरच झाला हुता बघ. दुसरी आन् तिसरी गोळी, मधी लई येळ गेला. तुमच्या नादात." मग थोडं थांबून, "परत लाव की जरा. तेवढंच."

तिनं लॅपटॉप जमिनीवर ओढला, आणि दोघं तिथंच सतरंजीवर बसून ऐकायला लागली.