कोकणचं मीठ, जांभ्याची धूळ आणि एक बादली पाणी: दौऱ्यातल्या गाडीसफाईची नोंद

नाशिकहून पुणे, ताम्हिणी, श्रीवर्धन, तिथून किनारा धरून थेट रेडीपर्यंत आणि आंबोली-कोल्हापूरमार्गे परत, असा हिवाळी दौरा पूर्ण झाला. माझी मोटारसायकल तारांच्या चाकांची, ओ-रिंग चेनची (कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेली), पुढे इंजिनचं तेल थंड करणारा ऑइल कूलर असलेली. सोबत मित्राची ॲलॉय चाकांची. या वेळी सफाईचं धोरण आधीच ठरवलं होतं. प्रेशर वॉशरखाली गाडी घालायची नाही, चकाकीच्या मागे लागायचं नाही, पण घाण बसली की जे झिजतं किंवा गंजतं ते रोजच्या रोज उरकायचं. माझ्या हिशेबाने अशा जागा चारच: चेन, फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) पाइप, ब्रेक आणि चाकांच्या तारा. दिवे, आरसे, नंबरप्लेट आणि हेल्मेटची काच तर पुसायचीच, तो सुरक्षेचा भाग आहे.

सामान मुठीत मावेल एवढं घेतलं. दोन रंगांची दोन मायक्रोफायबर फडकी (एक टाकी आणि काचेसाठी, दुसरं खालच्या चिखलासाठी, अदलाबदल अजिबात नाही), जुन्या बनियनचे तुकडे, एक टूथब्रश, अर्ध्या लिटरची स्प्रेची बाटली, छोट्या डबीत गाडीचा शाम्पू आणि चेन ल्यूबचा (वंगणाचा) लहान कॅन. भांड्यांचा साबण घेतला नाही. तो तेलकटपणाबरोबर रंगावरचा मेणाचा थरही उतरवतो, आणि किनाऱ्यावर तोच थर हवा असतो. निघायच्या आदल्या दिवशी टाकी आणि मडगार्डवर मेण लावलं, तारांवर आणि त्यांना रिमला धरून ठेवणाऱ्या निपलवर गंजरोधक स्प्रे मारून फडक्याने पुसून घेतला. हा स्प्रे मारताना ब्रेकच्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधायलाच हवी. डिस्कवर तेलाचा थेंब गेला की ब्रेक गेला.

मोहदरी घाट आणि चंदनापुरी घाट ओलांडून पुण्यापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पहाटेची थंडी, उसाच्या ट्रॉल्या, नेहमीची धूळ. नाशिककरांना काळ्या मातीची सवय असते. ती ओली असताना चिकटते, पण वाळली की पापुद्रे धरून पडते, म्हणून घाई न केलेली बरी. खरा प्रश्न ताम्हिणी उतरून माणगावच्या पुढे सुरू झाला. तिथून जांभ्याची लाल माती लागते. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात, आणि त्याची धूळ इतकी बारीक की टाकीच्या रबरी पॅडखाली, स्विचच्या फटीत, चेनच्या प्रत्येक कडीत शिरते. कोरड्या फडक्याने ती पुसायला गेलं की रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते. सकाळच्या उन्हात टाकीकडे तिरकं बघितलं की ती दिसते.

यावर उपाय कोकणातच मिळतो, तोही फुकट. थंडीत पहाटे गाडीवर दव पडलेलं असतं. लॉजच्या अंगणात उठल्या उठल्या, ऊन चढायच्या आत, त्या दवावरच फडकं अलगद फिरवायचं. रगडायचं नाही, वरून खाली एकाच दिशेने ओढायचं आणि प्रत्येक ओढीला फडक्याची घडी बदलायची. दवाने धूळ आधीच भिजून सुटलेली असते. स्प्रेच्या बाटलीतलं पाणी मग फक्त काचेला आणि फोर्कला लागतं.

फोर्कबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपमधले निम्मे लोक हा भाग बघतच नाहीत. पुढच्या शॉकअपचे चकचकीत पाइप ऑइल सीलमधून सतत वरखाली होतात. त्यांच्यावर किडा वाळून घट्ट झाला, किंवा लाल धुळीचा थर बसला, की तो प्रत्येक खड्ड्याला सीलच्या ओठावर घासतो. सीलला चीर पडली की तेल गळतं, आणि ते खाली ओघळत ब्रेकपर्यंत पोचू शकतं. म्हणून सकाळी निघण्याआधी ओलं फडकं पाइपभोवती गुंडाळून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. किड्याचं कवच भिजलेल्या साबुदाण्यासारखं मऊ होऊन सुटतं. मग वरून खाली, सीलपाशी थांबून, घाण सीलकडे न ढकलता बाजूला काढायची. नखाने किंवा ब्लेडने खरवडणं तर सोडूनच द्या.

श्रीवर्धनच्या पुढे बागमांडला-वेशवी फेरीबोटीपासून मिठाचा खेळ सुरू होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बोटीचा फळा जेट्टीवर पडतो, तिथे खाडीचं पाणी साचलेलं असतं आणि आपण त्यातूनच गाडी चढवतो. पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड असे आणखी दोन खाडीपार टप्पे. त्यातही हर्णैच्या बाजूला मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं. ते निसरडं असतंच, वर थेट इंजिनच्या पोटाखाली आणि तारांवर उडतं. टेम्पोच्या मागे अंतर ठेवून चालणं हीच तिथली अर्धी सफाई.

मीठ पुसून जात नाही, ते विरघळवावं लागतं. यामागचं कारण कळलं की आळस होत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच द्रावण बनतं. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता सहज तिथवर जाते. म्हणजे दिवसा कोरडा दिसणारा पांढरट डाग रात्री पुन्हा ओला होतो आणि लोखंडाला खायला लागतो. तारांच्या निपलमध्ये, चेनच्या पिनांवर आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पच्या बोल्टवर हे सर्वात आधी दिसतं. म्हणून फेरीबोटीच्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर गाडी निवू द्यायची आणि एक बादली गोडं पाणी मागायचं.

गुहागरला ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंना बादली मागितली तर म्हणाल्या, "एक कशाला, विहीर भरलेली आहे, हवं तेवढं काढा की." पण एक पुरते. मग्ग्याने, जोर न लावता, वरून खाली: आधी रिम आणि तारा, चाक हाताने फिरवत, मग इंजिनचं पोट, स्टँडचे सांधे, शेवटी सायलेन्सर. उरलेल्या पाण्यात टूथब्रश बुडवून निपल एकेक करून घासले. ब्रशचे केस निपलच्या खोबणीत जातात आणि पाण्यात पांढुरका रंग उतरताना दिसतो. हे काम संथ आहे, पण मला ते मनापासून आवडतं. चाकाची एकेक तार हाताखालून जाते, त्यात कुठली ढिली आहे तेही बोटांना कळतं. एक तार हलकी वाजली, ती दुसऱ्या दिवशी दापोलीकडून आलेल्या एका सायकलवाल्याकडच्या स्पोक पान्याने जागेवर आणली.

धुतल्यावर अंगणाबाहेर छोटी फेरी मारून दोन्ही ब्रेक हलके दाबून घ्यायचे, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात. मग चेन. चेन गरम असताना ल्यूब आत मुरतं, म्हणून ही फेरी त्यालाही उपयोगी पडते. मेन स्टँडवर गाडी, इंजिन बंद, किल्ली खिशात. गिअरमध्ये चालू इंजिनवर चेन फिरवून पुसणारे पाहिले की अंगावर काटा येतो. बोट स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) गेलं की परत येत नाही. बनियनच्या तुकड्यावर थोडं रॉकेल घेऊन जुनं काळं ल्यूब काढायचं. पेट्रोल नको, ते ओ-रिंगचं रबर बिघडवतं. लाल धूळ आणि जुनं ल्यूब यांचं मिश्रण बोटांत चोळून बघा, त्याची खरखर जाणवते. तेच स्प्रॉकेटचे दात खातं. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला मारायचं, मागे पुठ्ठा धरायचा म्हणजे टायरवर उडत नाही, आणि रात्रभर बसू द्यायचं. एरवी मी साधारण ५०० किलोमीटरला ल्यूब करतो. किनाऱ्यावर किलोमीटर मोजत बसायचं नाही, धुतलं की ल्यूब.

वाळूवर गाडी घातली नाही. मिठाचं कारण आहेच, त्याहून मोठं कारण म्हणजे वेळास, आंजर्ले या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात घरटी करतात. चाकाखाली काय दबतं हे वरून दिसत नाही. तसंच पऱ्यात (ओढ्यात) गाडी उभी करून धुणंही टाळलं. चेनचं तेल आणि रॉकेल ज्या पाण्यात जातं ते पुढे कुणीतरी भरत असतं. काळी फडकी मी पिशवीत बांधून नाशिकपर्यंत आणली.

मालवणला मित्राने गाडी वॉशिंग सेंटरवर दिली. पोऱ्याने थेट मागच्या चाकाच्या मध्यावर फवारा धरला. मी म्हटलं, "दादा, बेअरिंगवर नको, लांबून आणि तिरका मारा." तो म्हणाला, "मग माती कशी जाणार?" त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे, त्याला पुढची गाडी घ्यायची असते. पण अशा मशीनचा दाब १०० बारच्या आसपास किंवा वर असतो. जवळून मारलं की पाणी बेअरिंगच्या सीलमधून, चेनच्या ओ-रिंगमधून आणि वायरिंगच्या कनेक्टरमधून आत जातं, ग्रीस बाहेर येतं. तिथे द्यायचीच तर सांगून द्या: हातभर लांबून, चाकाचा मध्य, चेन, हँडलचे स्विच आणि सायलेन्सरचं तोंड वगळून.

डांबराचे ठिपके देवगडजवळ नव्या रस्त्याच्या कामावर लागले. त्यावर खोबरेल तेल उत्तम. दोन थेंब लावून दहा मिनिटं थांबलं की डांबर फडक्यावर येतं. कोकणात ते प्रत्येक दुकानात मिळतं. फक्त टायर आणि डिस्कपासून लांब.

आंबोली चढून वर आलो आणि घाणीची जातच बदलली. आजरा, गडहिंग्लज ते कोल्हापूर उसाचा पट्टा, गाळप हंगाम जोरात. संध्याकाळी किड्यांचे थवे. हेल्मेटची काच आणि ऑइल कूलर ही दोनच कामं तिथे महत्त्वाची. काच पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. तिला पेट्रोल किंवा अमोनियावालं ग्लास क्लीनर लागलं की ती धुरकट होते, तडकतेही. ओला बनियनचा तुकडा काचेवर चिकटवून चहा पिऊन येईपर्यंत ठेवला की पुरे. ऑइल कूलरच्या पातळ पत्र्यांत किडे आणि उसाचं भूस अडकून हवा जाईना झाली की तेल तापतं. तिथे मागून पुढे स्प्रेने पाणी मारायचं म्हणजे घाण आली तशी बाहेर जाते. ब्रश लावलाच तर मऊ आणि पत्र्यांच्या दिशेने, आडवा फिरवला की पत्रे वाकतात.

घरी आल्यावर गॅलरीखाली सावलीत गाडी पूर्ण धुतली. हिशेब असा: चेन कुठेही अडकत नाही, हाताने चाक फिरवलं की सगळ्या कड्या सरळ होतात. फोर्कचे पाइप कोरडे, सीलपाशी तेलाची कडा नाही. ब्रेक पॅड काढून पाहिले, झीज सारखी आहे. मागच्या चाकाच्या काही निपलवर तांबूस छटा आली आहे, पुढच्या चाकावर नाही. मागच्या चाकावर पुढच्याचा सगळा शिंतोडा येतो आणि सॅडलबॅगमुळे तिथे मग्ग्याचं पाणी नीट पोचत नाही. यापुढे खाऱ्या दिवशी सॅडलबॅग उतरवूनच धुवायचं.

पुढचा दौरा कच्छचा, खावड्याहून धोळावीरेकडे जाणाऱ्या रणातल्या रस्त्याने. तिथे मीठ कोकणापेक्षा जास्त आणि गोडं पाणी मागायला घरं कमी. म्हणून मागच्या कॅरिअरला ५ लिटरचा पाण्याचा कॅन बसेल अशी क्लॅम्प अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये करायला टाकली आहे. बसवून झाली की मापं आणि फोटो टाकतो. कुणी आधी असं काही केलं असेल तर कॅन भरल्यावर मागच्या बाजूचं वजन कसं जाणवतं ते जरूर सांगा.